फोटोखालची ओळ कोण लिहिणार? इतिहासाची पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांना खुलं पत्र

इतिहासाची शालेय पाठ्यपुस्तकं, पूरक पुस्तिका आणि भिंतीवरचे तक्ते तयार करणाऱ्या लेखक-संपादक मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

इतिहासाच्या पुस्तकातल्या एका वाक्यावरून आपल्याकडे मोर्चे निघतात, समित्या बसतात, अख्खी आवृत्ती मागे घेतली जाते. फोटोवरून असं काही झालेलं मला आठवत नाही. फोटो आहे म्हणजे तो खरा असणारच, असं सगळेच धरून चालतात. मग तो पानाच्या कोपऱ्यात दोन इंचांत बसवायचा, खाली ‘क्रिमियन युद्ध’ किंवा ‘लखनौ, १८५७’ एवढंच लिहायचं, की झालं काम. कोणी काढला, नेमका कधी, कशावर, कोणाच्या पैशानं, यातलं काहीही मुलांना कळत नाही.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. नववी-दहावीची मुलं या फोटोंकडे आपल्यापेक्षा बारकाईनं पाहतात. ‘बाई, लढाईच्या फोटोत लढाई का नाही?’ हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच. ‘जुन्या फोटोत आभाळात ढग का नसतात?’ हा दुसरा. दोन्ही प्रश्न उत्तम आहेत आणि दोन्हींची उत्तरं इतिहासाच्या पोटातच आहेत. म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे: जुना फोटो हासुद्धा कागदपत्रच आहे, तेव्हा त्याच्याखाली त्याची माहिती छापा. ती का छापायची, हे सांगायला मात्र थोडी जागा लागणार आहे.

सुरुवातीला साधी कालमर्यादा पाहू. कॅमेऱ्यातून काढलेलं, आज हाती असलेलं सर्वांत जुनं छायाचित्र फ्रान्समधल्या निसेफोर निएप्स यांचं आहे, १८२६ किंवा १८२७ सालचं. कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर एक प्रकारच्या डांबराचा थर देऊन त्यांनी तो कॅमेऱ्यात बसवला आणि कॅमेरा घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत ठेवला. उजेडाला निदान आठ तास लागले. तेवढ्या वेळात सूर्य एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेला, त्यामुळे त्या चित्रात अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन आहे. तोवर वॉटर्लू होऊन गेलं होतं (१८१५), पेशवाई बुडाली होती (१८१८), नेपोलियन सेंट हेलेनावर वारला होता (१८२१). या घटनांचे आणि माणसांचे फोटो असणं शक्यच नाही. ही मर्यादा पाचवीतल्या मुलालाही कळते, पण ती कुठल्याही धड्यात दिलेली नसते.

मग १८३९. सात जानेवारीला पॅरिसच्या विज्ञान अकादमीत फ्रांस्वा आरागो यांनी लुई डागेर यांच्या शोधाची घोषणा केली. १९ ऑगस्टला सगळी कृती जाहीर झाली. फ्रेंच सरकारनं डागेरना वर्षाला ६,००० फ्रँक आणि निएप्स यांच्या मुलाला ४,००० फ्रँक असं निवृत्तिवेतन लावून दिलं आणि शोध जगाला मोकळा केला, असं सांगितलं. जगाला म्हणजे इंग्लंड सोडून: तिथे डागेरच्या वतीनं पाचच दिवस आधी पेटंट घेतलेलं होतं! इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट कागदावर वेगळ्याच पद्धतीनं चित्रं काढत होते. त्यांची कागदी निगेटिव्ह १८३५ सालची आहे, आणि एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढायची आपली ओळखीची पद्धत त्यांच्याकडून आली. डागेरच्या चांदीच्या पत्र्यावरचं चित्र मात्र एकुलतं एक. शिवाय ते आरशासारखं उलटं असे, उजवा हात डावीकडे.

डागेरचं सगळ्यांत प्रसिद्ध चित्र पॅरिसच्या बुलव्हार द्यु तांपल या रस्त्याचं, १८३८ मधलं. गजबजलेला रस्ता, पण चित्रात चिटपाखरू नाही. उजेडाला काही मिनिटं लागत असल्यानं चालणारी माणसं आणि धावणाऱ्या गाड्या पत्र्यावर उमटल्याच नाहीत. एक माणूस तेवढा दिसतो. तो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा होता. ‘लढाईच्या फोटोत लढाई का नाही’ याचं पहिलं उत्तर या रस्त्यावर आहे. हलणारं ते दिसत नाही. सुरुवातीच्या वीस-तीस वर्षांचा कुठलाही फोटो पाहताना हे डोक्यात नसेल, तर आपण रिकामा रस्ता पाहून शहर ओस पडलं होतं असं शिकवू.

१८३९ हेच वर्ष पहिल्या अफूच्या युद्धाचं. कॅमेरा आणि तोफनौका जवळजवळ एकाच वेळी पूर्वेकडे निघाल्या. जुलै १८४२ मध्ये इंग्रजी आरमार यांगत्से नदीतून नानकिंगकडे जात असताना जहाजावरच्या दोघांनी डागेरोटाइप (डागेरच्या पद्धतीची चित्रं) काढल्याची नोंद हॅरी पार्क्स या चौदा वर्षांच्या मुलाच्या रोजनिशीत आहे. चित्र उरलं नाही, नोंद उरली. नानकिंगचा तह २९ ऑगस्टला झाला, हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. चीनमधली आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छायाचित्रं दोन वर्षांनंतरची. तीही फ्रान्सच्या व्यापारी तहासाठी आलेल्या शिष्टमंडळातल्या ज्यूल इतिए यांनी काढलेली. म्हणजे चीनचा कॅमेऱ्यातला चेहरा चीनवर तह लादायला आलेल्या माणसानं टिपला. हे फोटोखाली लिहिलं, तर अफूच्या युद्धाचा अर्धा धडा तिथेच शिकवून होतो.

१८४८ हे युरोपातल्या क्रांत्यांचं वर्ष. १० एप्रिलला लंडनच्या केनिंग्टन मैदानात चार्टिस्टांची प्रचंड सभा झाली, आणि विल्यम किलबर्न यांनी वरून तिचे डागेरोटाइप काढले. मतदानाचा हक्क मागायला आलेल्या कामगारांची ही चित्रं पुढे राजवाड्याच्या संग्रहात गेली. जूनमध्ये पॅरिसच्या मजुरांनी बंड केलं, रस्त्यांवर अडथळे रचले. थिबो नावाच्या फोटोग्राफरनं एका खिडकीतून त्याच रस्त्याची चित्रं घेतली, २५ जूनला सैन्याच्या हल्ल्याआधी आणि २६ ला हल्ल्यानंतर. ती एका साप्ताहिकात जुलैच्या सुरुवातीला छापून आली. पण छापून आलेले फोटो नव्हते. फोटो थेट छापायचं तंत्र वृत्तपत्रांना १८८० च्या आसपास गवसलं. त्याआधी कारागीर फोटो समोर ठेवून लाकडाच्या ठोकळ्यावर तो कोरायचा आणि ठोकळ्यावरून छपाई व्हायची. कोरणाऱ्याला वाटलं तर माणसं वाढत, धूर वाढे. ‘फोटोवरून कोरलेलं चित्र’ आणि ‘फोटो’ यांतला फरक आपल्या पुस्तकांत कोणी करत नाही.

त्याच १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिचा त्या काळातला एकही फोटो आपल्याकडे नाही. सातारचं राज्य खालसा झालं, त्याचाही नाही. पंजाबात मात्र दुसरं शीख युद्ध चालू होतं आणि कंपनीच्या बंगाल सैन्यातला एक डॉक्टर, जॉन मॅकॉश, फावल्या वेळात फोटो काढत होता. नावानिशी माहीत असलेल्या युद्धकाळातल्या फोटोग्राफरांमध्ये त्याचं नाव पहिलं घेतात. बाल महाराजा दुलीपसिंगाचा फोटो त्याच्याच हातचा. त्या वर्षाचा कोणता भाग फोटोत आला आणि कोणता आला नाही, हे कॅमेरा कोणाच्या सामानात होता त्यावर ठरलं.

आता क्रिमिया. हा फोटो जवळपास सगळ्याच पुस्तकांत असतो, म्हणून इथे जरा थांबते.

त्याआधी थोडं रसायन. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचेची पद्धत जाहीर केली. आम्लात बुडवून स्फोटक बनवलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलात विरघळवला की कलोडियन नावाचा चिकट द्रव होतो. डॉक्टर तो जखमेवर लावत. आर्चरनी तो काचेवर ओतला, काच चांदीच्या क्षारात बुडवली आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घातली. उजेडाचा वेळ काही सेकंदांवर आला. पण काच सुकायच्या आत, साधारण दहा मिनिटांत, सगळं उरकायला हवं. त्यामुळे अंधारखोली बरोबर न्यावी लागे, मग रणांगण असो की हिमालय. हे रसायन निळ्या रंगाला फार संवेदनशील होतं, म्हणून निळं आभाळ कोरं पांढरं येई आणि ढग त्यात हरवून जात. मुलांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. आर्चरनी पेटंट घेतलं नाही. १८५७ मध्ये ते गरिबीत वारले. त्यांच्या पद्धतीवर जग चाललं, आणि आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातही त्यांचं नाव नाही, इतिहासाच्याही नाही.

१८५४-५५ च्या हिवाळ्यात क्रिमियात रशियाविरुद्ध लढायला गेलेले इंग्रज सैनिक थंडीनं आणि रोगानं मरत होते. ‘टाइम्स’चे बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल ते लिहून कळवत होते. जानेवारी १८५५ मध्ये त्यावरून इंग्लंडचं मंत्रिमंडळ पडलं. मार्चमध्ये रॉजर फेंटन बालाक्लावा बंदरात उतरले. एका दारूविक्रेत्याची जुनी घोडागाडी त्यांनी अंधारखोली करून बरोबर आणली होती. त्यांना सरकारनं पाठवलं असं सरसकट लिहिलं जातं. पैसे होते मँचेस्टरच्या टॉमस ॲग्न्यू या चित्रविक्रेत्या पेढीचे. तिला फोटोंचे संच विकायचे होते आणि एका मोठ्या तैलचित्रासाठी सेनापतींचे चेहरे हवे होते. राजघराण्याचा आशीर्वाद होता, तो वेगळा. फेंटननी सुमारे ३६० फोटो काढले. तंबू, सेनापती, बंदर, घोडे. त्यांत प्रेतं नाहीत. रसेल जे लिहीत होते त्याचा मागमूस नाही. काच संथ होती हे एक कारण झालं, पण प्रेत हलत नाही. ते काचेला सहज झेपलं असतं; गिऱ्हाइकाला रुचलं नसतं.

त्यांतला गाजलेला फोटो तोफगोळ्यांनी भरलेल्या ओसाड दरीचा, २३ एप्रिल १८५५ चा. एकाच जागी तिपाई ठेवून काढलेल्या याच्या दोन काचा आहेत. एकीत गोळे रस्त्याकडेच्या चरात आहेत आणि रस्ता मोकळा. दुसरीत रस्ताभर गोळे. मोकळ्या रस्त्याचा फोटो आधीचा आणि गोळे नंतर रस्त्यावर आणून टाकले, हे अलीकडे दोन्ही फोटोंतल्या लहान दगडांच्या जागा ताडून बऱ्यापैकी दाखवलं गेलं आहे: वर-खाली करताना पायानं ढकलले गेलेले दगड उताराच्या दिशेनं सरकलेले दिसतात. आपण छापतो तो भरलेल्या रस्त्याचा. वर त्याला बालाक्लावाच्या लढाईतल्या इंग्रज घोडदळाच्या सुप्रसिद्ध हल्ल्याची दरी म्हणायची पद्धत आहे. तो हल्ला २५ ऑक्टोबर १८५४ ला झाला, दुसऱ्याच दरीत. हे दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापा आणि ‘कोणता आधीचा?’ एवढाच प्रश्न खाली द्या. मी वर्गात हे केलं आहे. तास संपल्याची घंटा झाल्यावरही मुलं उठत नाहीत. स्वाध्यायातल्या ‘योग्य पर्याय निवडा’वर असं कधी होत नाही.

क्रिमियातून आपण थेट लखनौला येतो. सेबॅस्टोपोल पडल्यावर तिथले फोटो काढणाऱ्यांत फेलिचे बिआतो होता. १८५८ च्या सुरुवातीला तो कलकत्त्याला उतरला. बंड चिरडलं जात होतं, त्याच्या मागोमाग हा गेला. सिकंदर बागेचा त्याचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे: भग्न इमारत, समोर चार-पाच माणसं, एक घोडा आणि पुढे सगळीकडे हाडं नि कवट्या. पुस्तकात खाली लिहिलेलं असतं ‘लखनौ, १८५७’. फोटो १८५७ चा नाहीच. सिकंदर बागेची कत्तल १६ नोव्हेंबर १८५७ ची, त्यात सुमारे २,००० शिपाई मारले गेले. फोटो मार्च-एप्रिल १८५८ मधला, चार-पाच महिन्यांनंतरचा. प्रेतं तोवर पुरलेली किंवा झाकलेली होती, फोटोसाठी ती पुन्हा उघडी करवली, असं त्याच काळातल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं आठवणींत लिहून ठेवलं आहे. बिआतो दोन वर्षांनी दुसऱ्या अफूच्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर चीनला गेला. २१ ऑगस्ट १८६० ला ताकूचा किल्ला पडला, तेव्हा आतल्या चिनी सैनिकांची प्रेतं फोटो होईपर्यंत कोणी हलवू नयेत म्हणून तो विनवत होता. हेही तिथल्या एका लष्करी डॉक्टरनं नोंदवलं आहे. या फोटोंचे संच अधिकाऱ्यांनी विकत घेतले. फेंटनच्या गिऱ्हाइकाला आपल्या बाजूची प्रेतं नको होती, बिआतोच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या बाजूची चालत होती.

म्हणून सांगते, सिकंदर बागेचा फोटो ‘१८५७ च्या उठावाची तीव्रता’ या शीर्षकाखाली घालू नका. तो जेत्याचा फोटो आहे. कोणी कोणाला मारलं आणि मग कोणाला ते दाखवायचं होतं, हे त्यात स्पष्ट दिसतं. ते शिकवायला त्याच्याइतका चांगला फोटो नाही. पण हाडं स्पष्ट दिसावीत म्हणून कडा कापून टाकलेला नको. मागे उभी असलेली जिवंत माणसं राहू द्या. मुलं पहिल्यांदा त्यांच्याबद्दलच विचारतात.

बहादूरशहा जफरचा तो प्रसिद्ध फोटोही असाच. म्हातारा बादशहा लोडाला टेकून पडलेला. मे १८५८ मध्ये रॉबर्ट टायटलर आणि चार्ल्स शेफर्ड यांनी दिल्लीत काढलेला, म्हणजे खटला होऊन दोषी ठरल्यावर, रंगूनला धाडण्याआधी, कैदेत असताना. त्याखाली ‘शेवटचा मोगल बादशहा’ लिहितात, ‘कैदी’ लिहीत नाहीत.

आणि आता राणी लक्ष्मीबाई. विषय नाजूक आहे, पण टाळता येणार नाही. हॉफमन नावाच्या जर्मन फोटोग्राफरनं १८५० मध्ये काढलेला राणीचा ‘अस्सल फोटो’ म्हणून एक चित्र वर्षानुवर्षं फिरतं आहे. तक्त्यांवर, पूरक पुस्तिकांत, स्नेहसंमेलनाच्या फलकांवर मी ते पाहिलं आहे. जॉन्स्टन अँड हॉफमन ही कलकत्त्याची फोटोग्राफीची पेढी उभी राहिली १८८० च्या दशकात. राणी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडल्या. यापुढे काही बोलायची गरज नाही. राणीचा खात्रीचा असा एकही फोटो नाही. हे सांगितल्यानं त्यांचं शौर्य तसूभरही कमी होत नाही. उलट ज्यांच्या हातात कॅमेरा होता त्यांच्याशी त्या लढत होत्या, एवढं मुलांना त्यातून कळतं.

इथे कोणी म्हणेल, कॅमेरा म्हणजे फक्त साहेबाचं हत्यार असं बाई शिकवतात. तसं नाही, आणि याचा पुरावा मुंबईत आहे. ऑक्टोबर १८५४ मध्ये, क्रिमियात लढाया चालू असताना, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजीही होते, आणि नारायण दाजी स्वतः फोटो काढत. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्यातून शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवू लागले. व्यवसाय म्हणून फोटोग्राफी करणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते. फोटोग्राफीची कृती जाहीर झाल्याला तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षं झाली होती. आपल्या पुस्तकांत भाऊ दाजी येतात ते डॉक्टर आणि विद्वान म्हणून. कॅमेरा त्यांच्या चरित्रातून गळून गेला आहे. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण तर येतच नाहीत.

त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन हा सोसायटीचा एक संस्थापक शहरातल्या जातीजमातींचे फोटो काढत होता. १८६३ ते १८६६ दरम्यान त्यांचे दोन खंड निघाले. त्यांतली माणसं स्टुडिओत उभी केलेली आहेत आणि मागची देवळं, रस्ते, घाट वेगळ्या काचेवरून जोडलेले आहेत. आज फोटोत फेरफार झाला की आपण संगणकाला दोष देतो. मुंबईत ते १८६३ मध्ये होत होतं.

अजिंठ्याची गोष्ट तर पुस्तकात हवीच, कारण शाळेची सहल तिथेच जाते. मद्रास सैन्यातले रॉबर्ट गिल १८४४ पासून कंपनीच्या आदेशानं लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या रंगीत नकला करत होते. त्या लंडनला पाठवल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. दरम्यान, गिल कॅमेऱ्याकडे वळले होते. १८६४ मध्ये त्यांच्या अजिंठा-वेरूळच्या फोटोंची पुस्तकं लंडनला निघाली. कंपनी सरकारनंच १८५५ मध्ये ठरवलं होतं की प्राचीन वास्तूंची नोंद चित्रकाराऐवजी फोटोग्राफरकडून करून घ्यावी. स्वस्त पडेल आणि अचूक होईल. त्याप्रमाणे कॅप्टन बिग्ज आणि मग डॉ. पिगू हे विजापूर, बदामी, ऐहोळ फिरले. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. जळगाव जिल्ह्यातल्या किती शाळांना हे ठाऊक असेल?

अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण आपल्या अभ्यासक्रमात ते थोडक्यातच आहे. त्या युद्धानं मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, हे आपण शिकवतो. १७ सप्टेंबर १८६२ ला अँटिएटमला एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० मृत, जखमी आणि बेपत्ता झाले. दोनच दिवसांत अलेक्झांडर गार्डनर यांनी तिथल्या प्रेतांचे फोटो काढले, आणि ऑक्टोबरमध्ये ते न्यूयॉर्कला मॅथ्यू ब्रेडी यांच्या दालनात लागले. आपल्या माणसांची प्रेतं आपल्याच शहरात पाहायला लोकांनी गर्दी केली. नाव झालं दालनाच्या मालकाचं, ब्रेडीचं, आणि पुस्तकांत अजूनही बऱ्याचदा त्याचंच असतं. गार्डनर पुढे त्याला सोडून गेले. पुढल्या वर्षी गेटिसबर्गला त्यांच्या चमूनं एका मृत सैनिकाला उचलून दगडी आडोशाला नेलं, बंदूक टेकवून ठेवली आणि ‘नेमबाजाचं ठाणं’ म्हणून फोटो काढला. तेच प्रेत आधी दुसरीकडे पडलेलं असतानाच्या काचाही आहेत. त्यांवरून विसाव्या शतकात संशोधकांनी ही लबाडी उघड केली. जवळजवळ शंभर वर्षं ती कोणाच्या लक्षात आली नव्हती.

पॅरिस कम्यूनचं, म्हणजे १८७१ मध्ये पॅरिसच्या बंडखोरांनी काही आठवडे चालवलेल्या शहराच्या सरकारचं, प्रकरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. १६ मे १८७१ ला कम्यूनवाल्यांनी व्हांदोम चौकातला नेपोलियनचा स्तंभ पाडला. ब्रुनो ब्राकए या कर्णबधिर फोटोग्राफरनं तिथे, अडथळ्यांपाशी, लोकांचे फोटो काढले. मजूर, बाया, पोरं छाती काढून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच आपला फोटो निघतोय, तोही आपल्या विजयाचा. दहा-बारा दिवसांत सैन्यानं पॅरिस परत घेतलं, हजारोंना गोळ्या घातल्या, आणि अशाच फोटोंवरून पोलिसांनी माणसं ओळखून काढली. त्याच वेळी यूजेन आपेर हा फोटोग्राफर कम्यूनच्या ‘गुन्ह्यांचे’ फोटो विकत होता. नट भाड्यानं आणून प्रसंग उभे करायचे, त्यांच्या धडांवर कैद्यांच्या फोटोंतली डोकी चिकटवायची आणि पुन्हा फोटो घ्यायचा. खऱ्या फोटोंनी माणसं पकडून दिली आणि खोट्या फोटोंनी त्यांना गुन्हेगार ठरवलं. रोज दहा फोटो पुढे ढकलणाऱ्या आणि कुठेही चेहरा दाखवणाऱ्या पिढीला हा धडा शिकवायचा नाही, तर कोणाला?

शेवटचं उदाहरण घरचं आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात आपलं दख्खन होरपळलं. सोलापूर, नगर, विजापूर, सगळा पट्टा. पुस्तकात त्याच्याशेजारी हाडांचे सापळे झालेल्या माणसांचा जो समूहफोटो येतो, तो बहुतेक वेळा मद्रास इलाख्यात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्यानं काढलेला असतो. मरणाच्या दारातल्या माणसांना ओळीनं बसवून फोटो घेतल्याबद्दल त्याच्यावर तेव्हाही टीका झाली होती. हेच फोटो १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे म्हणूनही मी छापलेले पाहिले आहेत. दुष्काळ कुठला का असेना, सापळे सारखेच, असं मानलं की असं होतं. त्या माणसांना निदान त्यांचं साल आणि त्यांचा प्रांत तरी परत द्या.

‘पानं मर्यादित असतात, बाई,’ हे उत्तर मला एका चर्चासत्रात मिळालेलं आहे. मान्य. म्हणून नमुन्यादाखल एक ओळ लिहून पाठवते:

‘सिकंदर बाग, लखनौ. फोटो: फेलिचे बिआतो, मार्च-एप्रिल १८५८, काचेच्या निगेटिव्हवरून अल्ब्युमेन कागदावर. लढाई १६ नोव्हेंबर १८५७ ची. अस्थी फोटोसाठी उघड्या केल्याची नोंद आहे. इंग्रज अधिकाऱ्यांना विकलेल्या संचातून.’

ही पंचवीसेक शब्दांची ओळ आहे. (अल्ब्युमेन कागद म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद.) जागा होत नसेल तर त्याच पानावरचं वाफेच्या इंजिनाचं सजावटीचं रेखाचित्र काढा. त्याची उणीव कोणालाही भासणार नाही.

याखेरीज नववीच्या पुस्तकात एक पान मागते. डावीकडे कॅमेऱ्याची सालं, उजवीकडे जगाची: १८३९ ला डागेर आणि अफूचं युद्ध, १८५१ ला ओली काच, १८५४ ला मुंबईची सोसायटी आणि बालाक्लावा, १८७१ ला कम्यून आणि त्याच वर्षी रिचर्ड मॅडॉक्स यांनी सुचवलेली कोरडी काच, जिच्यामुळे पुढे अंधारखोली पाठीवर वाहायची गरज उरली नाही. १८८८ ला ईस्टमन यांचा कोडॅक, म्हणजे कॅमेरा सामान्य माणसाच्या हातात. त्याच्या पुढचं मुलं स्वतः भरतील.

चित्रांच्या ओळी लिहायला माणूस कमी पडत असेल, तर सुट्टीत मी आणि माझ्यासारखे काही शिक्षक बसायला तयार आहोत, मानधन नको. अट एवढीच की लिहिलेली ओळ छपाईत गाळली जाणार नाही. आणि तोवर, पुढच्या छपाईआधी, राणी लक्ष्मीबाईंच्या नावावरचा तो फोटो तक्त्यांवरून काढा. त्या जागी एखादं जुनं चित्र घाला, आणि ते फोटो नसून चित्र आहे, कोणत्या काळातलं आहे, हे खाली लिहा.

आपली,
माध्यमिक शाळेतली एक इतिहास-शिक्षिका